खांद्यामागचा फळा

ताई, मी सांगलीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीन वर्षं आवक-जावक आणि बिलाचं काम बघते. बी.कॉम. झालंय. इन्स्टाग्रामवर माझं स्वतःचं खातं आहे, त्यावर मी बेदाण्याच्या छोट्या छोट्या रील टाकते. हिरवा कसा ओळखायचा, प्रत कशी ठरते, असलं. लोकांना आवडतं. गेल्या महिन्यात सलग १२ दिवस रात्री नऊपर्यंत थांबवलं आणि जादा तासांचे पैसे विचारले तर शेठ म्हणाले, "बघू." त्या रात्री चिडून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, 'राबायचं आम्ही आणि गाडी बदलायची शेठनी.' नाव कुणाचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट शेठच्या टेबलावर. मग त्यांनी माझं सगळं इन्स्टाग्राम चाळलं आणि एका रीलवरून जास्तच भडकले. म्हणाले, गिऱ्हाइकाचा माल चव्हाट्यावर आणलास. आता माफीनामा लिहून दे, फोन दाखव, पासवर्ड दे, यापुढे काही टाकायचं नाही, नाहीतर सायबरला देतो, असं चाललंय. आई म्हणते, खातंच बंद कर. मामेभाऊ म्हणतो, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, घाबरू नको. ताई, खातं माझं, फोन माझा, रिचार्जही माझ्याच पैशाचा. मी नेमकी चुकले कुठे? रीलची लिंक सोबत पाठवते.

— गारठ्यात बसणारी, सांगली

गारठ्यात बसणाऱ्या पोरी,

लिंक पाठवलीस ते फार बरं केलंस. नुसतं पत्र वाचून मी डोळे झाकून तुझ्या बाजूने उभी राहिले असते.

रील मी चार वेळा पाहिली. पहिल्या तीन वेळा मला फक्त तू दिसलीस. अंगात जाड जॅकेट, हातात स्टीलचं ताट, ताटात तीन ढिगल्या, आणि एकेक मणी बोटाच्या चिमटीत दाबून तू सांगतेस की हा चिकटतो म्हणजे नीट वाळलेला नाही. छान सांगतेस. चौथ्यांदा मी १२व्या सेकंदाला थांबवलं. तुझ्या डाव्या खांद्यामागे पांढरा फळा आहे. त्यावर मार्करने गाव, शेतकऱ्याचं पूर्ण नाव, लॉट नंबर, बॉक्सची संख्या. अशा चार ओळी. मी साठी ओलांडलेली बाई, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय, तरी दोन बोटांनी पडदा मोठा करून मला चारही ओळी वाचता आल्या. त्यातलं एकही नाव इथे लिहीत नाही, नाहीतर तुझी चूक मीच पुन्हा करायची.

आता समज, त्यातल्या एका ओळीत ३४० बॉक्स आहेत. १५ किलोचा बॉक्स, म्हणजे पाच टनांच्या वर माल. हा हिशोब तुला सांगायला नको, पण रोज आकडे लिहून लिहून त्यांची धग जाते. त्या माणसाने उन्हाळ्यात शेडवर द्राक्ष वाळवलं, तेव्हा भाव मनासारखा नव्हता, म्हणून माल तुमच्याकडे लावला. गणपती-दिवाळीला उठाव येईल म्हणून तो दम धरून बसलाय. त्याच्याकडे अजून किती माल शिल्लक आहे हे सौद्याला बसणाऱ्या व्यापाऱ्याला कळलं, की व्यापारी कशाला घाई करेल? स्टोरेजचं भाडं चढतंय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, हा आज ना उद्या माल काढणारच, एवढं त्याला पुरतं. आणि व्यापारी राहू दे बाजूला, भाऊबंदांचं काय? "यंदा काहीच हाती लागलं नाही" असं ज्याला सांगून परत पाठवलं, त्याच चुलतभावाच्या फोनवर तुझी रील जाते. शेतकऱ्याने माल ठेवला तो तुमच्या भिंतींच्या भरवशावर. तो भरवसा फळ्यापासून फोनपर्यंत यायला १२ सेकंद लागले.

तू म्हणशील, मी तर फळा दाखवलाच नव्हता, तो मागे होता. खरं आहे. म्हणूनच ही चूक आहे, लबाडी नाही. पण चूक आहे.

माझे आजोबा गणपती पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. तेव्हा हळद हरिपूरच्या पेवांत ठेवायचे. तुझ्या पिढीने पेव बघितलं असेल-नसेल, २००५च्या महापुरात बरीचशी निकामी झाली. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, आणि माल भरला की तोंड बंद. कुणाची किती पोती कुठल्या पेवात, हे आजोबांच्या चोपडीत असायचं. आजी तक्रार करायची की हा माणूस घरात मीठ संपलं तरी बोलतो, पण दुकानात कुणाचा माल आला हे जन्मात बोलला नाही. तू बसतेस ती खुर्ची दिवाणजीचीच आहे. चोपडीच्या जागी कॉम्प्युटर आला, एवढंच.

शेठ दुखावले स्टेटसवरून आणि बोट ठेवलं रीलवर. माणसं असंच करतात. पण जिथे बोट ठेवलं तिथे ते बरोबर आहेत, हे मान्य करूनच पुढचं बोलू.

आता मामेभावाचं. त्याला म्हणावं, राज्यघटनेतलं कलम १९ सरकारने तुझं तोंड बंद करू नये म्हणून आहे. शेठ सरकार नाहीत. खाजगी नोकरीत तू आणि मालक यांच्यात जे ठरलंय ते बघितलं जातं, आणि ते नेमणूकपत्रात असतं. तुझ्याकडे नेमणूकपत्र आहे का? पत्रात कुठे उल्लेख नाही, म्हणून विचारते. आपल्या भागात दहा-दहा वर्षं नोकरी करून कागद म्हणून फक्त बँकेचं पासबुक दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत.

सायबरच्या धमकीने मात्र घाबरून जाऊ नकोस. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं, कुणालाही एखादी पोस्ट झोंबली की ते लावायचे. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. राहिली बदनामी. ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे आणि तिथे नाव घेतलं नाही एवढ्याने सुटका होत नाही, कुणाबद्दल बोलणं चाललंय हे ऐकणाऱ्याला कळलं तरी पुरतं. तुझ्या स्टेटसमधला शेठ कोण हे तुझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला कळलं, हे तूही मनात जाणतेस. तरीसुद्धा 'आम्ही राबतो आणि शेठ गाडी बदलतात' एवढ्या वाक्यावर कुणी खटला चालवत बसेल असं मला वाटत नाही. त्यातली दोन्ही विधानं खरी आहेत, असं तुझ्याच पत्रावरून दिसतंय!

स्टेटस २४ तासांत जातं म्हणून आपण ते हलकं समजतो. सांगलीत गोष्ट पोहोचायला २४ तास लागतात का गं? विश्रामबागेत शिंकलं की मिरजेत "बरं आहे ना?" विचारतात. तुझ्या फोनमध्ये कोण कोण आहे ते एकदा वरून खाली बघ. गाडीवाले, हमालांचे मुकादम, दोन-चार अडत्ये, शेठची पुतणी, भिशीतल्या बायका. हे सगळे तुझं स्टेटस बघू शकतात. कुणी दिलं याचा शोध घेत बसू नकोस. सापडेल, आणि सापडल्यावर अजून एक भांडण वाढेल.

मला त्या स्टेटसबद्दल तुझा राग येत नाही, हळहळ वाटते. कारण मुद्दा तुझा खरा होता आणि तू तो चुकीच्या खिडकीवर नेलास. ते बघितलं असेल पन्नासेक जणांनी, पण त्यातल्या एकाच्याही सहीने तुझे पैसे निघत नाहीत. उलट आता शेठना पैशांवर बोलायचंच कारण उरलं नाही, सगळं बोलणं तुझ्या फोनवर येऊन थांबलंय.

म्हणून पैशांचं वेगळं काढ. १९४८च्या कारखाने कायद्यातच शीतगृहात माल साठवणं ही उत्पादन प्रक्रिया धरलेली होती, आणि ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही जादा कामाला दुप्पट दरच आहे. तुमच्याकडे कामाला किती माणसं आहेत त्यावर नेमकी कोणती तरतूद लागू होते ते ठरेल. ते सांगलीतच सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचार. नुसतं विचारायला जाणं म्हणजे तक्रार नव्हे. त्याआधी एक साधी वही कर. त्या १२ दिवसांची तारीख, आलेली वेळ, निघालेली वेळ. रात्रीच्या शेवटच्या गेटपासवर वेळ छापलेली असेल तर त्या पासचा नंबर आणि वेळ वहीत लिही. पासचा फोटो काढू नकोस, त्यावर पुन्हा कुणाचं तरी नाव आणि माल आहे. आणि मग शेठना एका पानाचा अर्ज दे, शांत भाषेत, आकडे घालून. माफीच्या कागदात पैशांचा शब्दही नको आणि पैशांच्या अर्जात माफीचा.

माझं स्वतःचं एक सांगते, कारण सल्ले देणाऱ्या बाईने कधीतरी आपलं पानही उघडावं. मी कुपवाडला एका कारखान्यात कार्मिक विभागात होते, फेसबुक नवं नवं होतं तेव्हा. एका पोराने मशीनवर नुकताच उतरवलेला जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, हातात धरून फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या हातचं काम.' आई-वडिलांना टॅग केलेलं. मागे टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं आणि त्याच्या कोपऱ्यात गिऱ्हाईक कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर. दोन दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन आला. कारणे दाखवा नोटीस मीच टाइप केली. 'गोपनीयतेचा हेतुपुरस्सर भंग' असं लिहिलं, साहेबांनी सांगितलं तसं. पोरगा नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि विचारलं, "मॅडम, हेतुपुरस्सर म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मग हे खोटं आहे." त्याचं बरोबर होतं, आणि मी तो शब्द खोडला नाही. ड्रॉइंगचा फोटो काढायचा नाही, असं आम्ही त्याला कधीच सांगितलं नव्हतं. ना भिंतीवर पाटी, ना नेमणूकपत्रात ओळ. त्याला चार दिवस बिनपगारी घरी बसवलं. नंतर तो वर्षभर होता, पण पुन्हा कधी कामाबद्दल अभिमानाने बोलताना मी त्याला पाहिलं नाही.

तेव्हा सोमवारी करायच्या गोष्टी. रील आधी तुझ्या फोनमध्ये उतरवून ठेव, टाकल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घे, आणि मग ती काढून टाक. उद्या कुणी म्हणालं की तू त्यात भलतंच काही बोलली होतीस, तर तुझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं. बाकीच्या रीलही एकदा नुसतं मागचं बघत बघ. स्वतःचा चेहरा बघू नकोस, तो छानच आहे. फळा, कॉम्प्युटरचा पडदा, बॉक्सवरचा मार्का, उघडी पावती, गाडीचा नंबर, हे शोध. सापडलं तर ती रीलही काढ.

माफीनामा देऊन टाक, पण शब्द तुझे असू देत. साधारण असा लिही: 'अमुक तारखेला माझ्या वैयक्तिक खात्यावर टाकलेल्या चित्रफितीत मागील फळ्यावरील मालधारकांची नावे व बॉक्सची संख्या दिसत होती. ही चूक माझ्याकडून अनवधानाने झाली. चित्रफीत अमुक तारखेला काढून टाकली आहे. यापुढे आवारात परवानगीशिवाय चित्रीकरण करणार नाही.' बस. 'हेतुपुरस्सर' नको, 'माझ्यामुळे झालेले नुकसान मला मान्य आहे' नको, 'कामावरून कमी केल्यास हरकत नाही' तर मुळीच नको. शेठनी तयार मजकूर पुढे केला तर "घरी वाचून उद्या देते" म्हण. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे तुला सांगायला नकोच, दिवसभर पावत्या तूच बघतेस.

स्टेटसबद्दल लेखी काही देऊ नकोस. तोंडी म्हण, "शेठ, ते मी चिडून लिहिलं, तुमच्याशी बोलायला हवं होतं." एवढ्याने तुझा मान कमी होत नाही. ते खरंही आहे.

पासवर्ड द्यायचा नाही. फोनही हातात द्यायचा नाही. यावर आवाज न चढवता ठाम राहा. तुझ्या इनबॉक्समध्ये तुझ्या मैत्रिणींचं बोलणं आहे, कुणाचं लग्न मोडल्याचं, कुणाच्या दवाखान्याचं. फळ्यावरची नावं दाखवायचा हक्क तुला नव्हता, तसाच मैत्रिणींचं बोलणं दाखवायचाही नाही. शेठना हेच सांग, अगदी याच शब्दांत. ज्या कारणासाठी ते चिडलेत तेच कारण आहे, त्यांना पटायला हवं. सगळ्यांना दिसतात त्या रील त्यांनी हव्या तितक्या वेळा बघाव्यात, त्याला पासवर्ड लागत नाही.

आणि एक गोष्ट शेठनी मागितलेली नाही, ती मी मागते. फळ्यावर चार नावं होती. शेठच्या परवानगीने त्या चौघांना फोन कर. "काका, तुमचं नाव चुकून व्हिडिओत दिसलं, काढून टाकलंय, माफ करा." तिघे म्हणतील, "असू दे की पोरी, त्यात काय." चौथा कदाचित गप्प बसेल. त्या गप्प बसण्यासाठी फोन करायचा.

'यापुढे काही टाकायचं नाही' ही अट मात्र मान्य करू नकोस. आवारात काय चित्रित करायचं हे शेठ ठरवू शकतात. रविवारी घरी बसून तू बेदाण्याबद्दल काय बोलतेस हे त्यांनी ठरवायचं कारण नाही. त्यांना म्हण, "काय चालेल, काय नाही, ते लिहून द्या, मी पाळते." अर्ध्या पानाचं काम आहे. फळा, नावं, साठा, भाव, कॅमेऱ्यात नको. गणवेशावर स्टोरेजचं नाव असेल तर तो घालून रील नको. कामाच्या वेळेत शूटिंग नको. याउपर कशाची भीती आहे? शेठ मंडळींपैकी काहीजण हे सदर वाचतात, मला माहीत आहे. त्यांनाही म्हणते, पोरीला दोष देण्याआधी तो फळा जरा बघा. गाडीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत दिवसाला किती माणसं त्याच्यासमोरून जातात? नावाऐवजी नुसता लॉट नंबर लिहिला तर कुणाचं अडतं?

सरकारी नोकरीतल्या वाचकांनी हे स्वतःला लावू नये, त्यांचं गणित निराळं आहे. राज्य शासनाने जुलै २०२५मध्ये समाजमाध्यमांबद्दल स्वतंत्र शासन निर्णय काढलाय. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, वैयक्तिक खात्यावर पदनाम, गणवेश, शासकीय गाडी किंवा इमारत दाखवायची नाही, शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही. कंत्राटी माणसांनाही तो लागू आहे. हौसेने सरकारी गाडीच्या बॉनेटवर टेकून फोटो टाकणाऱ्यांनी तो शोधून वाचावा.

आईला सांग, खातं बंद करायची गरज नाही. मी तुझ्या बाकीच्या रीलही पाहिल्या, उत्सुकतेपोटी. त्यातली एक मला फार आवडली. तू चार अंशांच्या खोलीतून बाहेर उन्हात येतेस आणि तुझा चष्मा पांढराफटक होतो. तू तो पुसत नाहीस, तशीच उभी राहतेस, आणि धुकं विरत जाईल तसा समोर डबा उघडून बसलेला हमाल मामा हळूहळू दिसायला लागतो, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मामांना विचारून काढलीस ना ती? विचारलं नसशील तर आता विचार. त्या रीलमध्ये कुणाचा साठा नाही, कुणाचा भाव नाही. गारठा तुझा, चष्मा तुझा. असलं कितीही टाक, घरून बोलून, बाजारातून ताटभर बेदाणा विकत आणून.

माफीचा कागद दोन प्रतींत ने. एक शेठना, दुसऱ्यावर 'मिळाले', सही आणि तारीख. आणि शेठनी खरंच नियम लिहून दिले, तर मला त्याचा फोटो पाठव. नावं झाकून.